रिसीव्हर किती ऐकतो आणि किती सोसतो

नवा रेडिओ रिसीव्हर समोर ठेवला की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती बारीक सिग्नल पकडतो? आमच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, तेव्हा अहवालाच्या पहिल्याच पानावर संवेदनक्षमतेचा आकडा ठळक अक्षरांत असतो. ०.२ मायक्रोव्होल्ट, ०.१५ मायक्रोव्होल्ट. मी विचारते, शेजारी दांडगा सिग्नल उभा असताना हाच बारीक सिग्नल ऐकू येतो का? ते बहुतेकांनी करून बघितलेलंच नसतं. मागच्या वर्षी एक मुलगा करून बघून आला आणि दारातूनच म्हणाला, "मॅडम, रिसीव्हर बहिरा झालाय की ओ!" मला फार आनंद झाला. आता बोलण्यासारखं काही हाती आलं होतं.

बारीक ऐकणं आज अवघड राहिलेलं नाही. पुढे एक चांगला ट्रान्झिस्टर लावा, काम झालं. हिशेबही सरळ आहे. साधारण खोलीच्या तापमानाला निसर्गच प्रत्येक हर्ट्झमागे −१७४ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती; दर १० डेसिबलला शक्ती दहापट) इतका नॉइज, म्हणजे खरखर, देतो. ५०० हर्ट्झच्या मोर्स फिल्टरमधून त्यात २७ डेसिबलची भर पडते, म्हणजे −१४७. माझ्या घरगुती रिसीव्हरचा नॉइज फिगर, म्हणजे त्यात तो स्वतः घालतो ती भर, १६ डेसिबल आहे, कारण पुढे आरएफ (आलेली रेडिओ लहर वाढवणारा) अ‍ॅम्प्लिफायर मी मुद्दामच लावलेला नाही. म्हणून त्याचा तळ −१३१ डीबीएमवर. ५० ओहमवर हे ०.०६ मायक्रोव्होल्ट होतात. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) बँडला एवढं ऐकणारा रिसीव्हर गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऐकतो. ते कसं, ते पुढे येईलच.

खरी परीक्षा वरच्या टोकाची. तळापासून वर किती मोठ्या सिग्नलपर्यंत रिसीव्हर शहाण्यासारखा वागतो, ते अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज. चांगल्या रिसीव्हरकडून ९० डेसिबलची अपेक्षा असते, म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभर कोटी पट. आमच्याकडे बेळगावात हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर वीस टन उसाचा ट्रक चढतो. ट्रक वर उभा असतानाच काट्यावर वडगावच्या शिवारातल्या बासमतीचा एक दाणा टाकला, तर त्याचंही वजन काट्यानं दाखवावं, अशी ही मागणी आहे. दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा धरला तर गुणोत्तर नेमकं ९० डेसिबल येतं. मुलांना सांगताना मी 'ट्रक वर उभा असतानाच' हे शब्द दोनदा म्हणते. नुसता दाणा मोजणारा तराजू सोनाराकडेही असतो.

मोठ्या सिग्नलपुढे रिसीव्हर नमतो कसा? एक तर तो बहिरा होतो: मोठ्या सिग्नलनं अ‍ॅम्प्लिफायर दाबला जातो आणि बारीक सिग्नलही सोबत दबतो. हे मोजणं सोपं आहे. बारीक सिग्नल लावून ठेवायचा, २० किलोहर्ट्झ पलीकडे मोठा सिग्नल द्यायचा, आणि बारीक सिग्नल १ डेसिबलनं खाली येईपर्यंत मोठा वाढवत न्यायचा. माझ्याकडे ही हद्द बरीच वर आहे आणि रोजच्या वापरात ती कधी गाठली जात नाही. त्याच्या आधीच दुसरं दुखणं सुरू होतं. दोन मोठे सिग्नल रिसीव्हरच्या आत मिसळतात आणि हवेत नसलेलं तिसरंच केंद्र जन्माला घालतात.

या कुळातलं दुखणं मी लहानपणी कानांनी ऐकलेलं आहे. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं नंदगड. धारवाड तिथून जवळ, आणि धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झवर २०० किलोवॅटनं बोलायची. सांगली १२५१ किलोहर्ट्झवर, २० किलोवॅटची, शिवाय लांब. आज्जीला सांगलीच लागायची. ती नीट यावी म्हणून आप्पांनी परसातल्या फणसापर्यंत तांब्याची तार ओढली. सांगली मोठी झाली, पण तिच्या पोटात धारवाडच्या कन्नड बातम्या वाजायला लागल्या. काटा १२५१ वरून हललेला नाही आणि दोन भाषा एकदम! "ह्यात कन्नड कुठनं आलं रे?" आज्जी आप्पांना विचारायची. तार काढली की कन्नड जायचं, सांगली बारीक व्हायची. याला क्रॉस मॉड्युलेशन म्हणतात. मोठ्या केंद्राचा चढउतार रिसीव्हरच्या वाकड्या वागणुकीमुळे लहान केंद्राच्या वाहक लहरीवर बसतो. मूळ कारण या वाकड्या वागणुकीच्या गणितातल्या तिसऱ्या घाताच्या पदाचं, म्हणजे दोन सिग्नल मिसळून होणाऱ्या भुतांचं जे कारण तेच.

मध्यम लहरींची यात एक गंमत आहे. आपल्याकडची सगळी केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या पटीत बसवलेली आहेत: ७६५ म्हणजे ९ गुणिले ८५, १२५१ म्हणजे ९ गुणिले १३९. दोन केंद्रांच्या मिसळणीतून जे भूत तयार होतं, ते एकाच्या दुपटीतून दुसरं वजा केल्यावर येणाऱ्या जागी पडतं, त्यामुळे तेही ९ च्याच पटीत. धारवाडचं ७६५ आणि पुण्याचं ७९२ घ्या: भुतं ७३८ आणि ८१९ वर, दोन्ही खऱ्याखुऱ्या चॅनेलच्या जागा. शिट्टी वाजत नाही, काही खटकत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, इथे एक केंद्र आहे आणि त्याच्यावर दुसरं चढलंय.

ही भुतं ओळखायची खूण मात्र पक्की आहे. मूळ सिग्नल १ डेसिबलनं वाढले की तिसऱ्या घाताचं भूत ३ डेसिबलनं वाढतं. उलटही खरं. अँटेनाच्या वाटेत १० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापानं कमी करणारा भाग) टाका: खरा सिग्नल १० नं उतरेल, भूत ३० नं. सगळं मोजमाप या एका गुणधर्मावर उभं आहे. वेस हेवर्ड या अमेरिकन हॅमनं १९७५ साली 'क्यूएसटी' या हॅम मासिकात ही मोजणी घरच्या टेबलावर कशी करायची ते मांडलं. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की मोजणी महागड्या यंत्रांच्या खोलीतून बाहेर आली.

साहित्य थोडं लागतं: दोन क्रिस्टल ऑसिलेटर, दोन्ही सिग्नल एकत्र करणारा कंबायनर आणि पायरी-पायरीचा अटेन्युएटर. बेळगावात रेडिओचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणून कुणी हातपाय गाळायची गरज नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि बेंगळुरूचा एसपी रोड आपल्याला जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, आणि कुरियर दोन्हीकडून येतं. माझे ऑसिलेटर ७.०३० आणि ७.०५० मेगाहर्ट्झचे आहेत, म्हणजे भुतं ७.०१० आणि ७.०७० वर पडतात. क्रिस्टलच घ्यायचा, कारण त्याचा आवाज स्वच्छ असतो. सिंथेसायझरचा (हवी ती फ्रीक्वेन्सी बनवणाऱ्या ऑसिलेटरचा) स्वतःचा फेज नॉइज, म्हणजे लहरीभोवतीची खरखर, मोजणीत घुसतो आणि मग आपण रिसीव्हर मोजतोय की जनरेटर, ते कळत नाही.

प्रत्येक ऑसिलेटर वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, आत ९ व्होल्टची बॅटरी, झाकण चारही बाजूंनी डाग देऊन बंद. एवढा कडेकोट बंदोबस्त कशासाठी? ऑसिलेटर ० डीबीएम देतो आणि रिसीव्हरचा तळ −१३१ वर. मधले १३१ डेसिबल अटेन्युएटरमधूनच गेले पाहिजेत. डब्याच्या फटीतून, वीजेच्या वायरीतून, टेबलावरून उडी मारून थोडं जरी गेलं तरी आकडा खोटा. खात्री करायला अटेन्युएटरकडून येणारी केबल रिसीव्हरच्या तोंडाशी सोडवा आणि सिग्नलचा मागमूस राहतो का ते ऐका. ० डीबीएम ओळखायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लागत नाही: ५० ओहमच्या रेझिस्टरवर ऑसिलोस्कोप लावा, शिखरापासून शिखरापर्यंत ६३२ मिलिव्होल्ट दिसले की झालं.

आता मोजणी. रिसीव्हरचा एजीसी (आवाज आपोआप सारखा राखणारा भाग) बंद, ऑडिओ संगणकाच्या साउंड कार्डात. साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. तो सरासरी मोजून साइन लहरीच्या हिशेबानं आकडा दाखवतो, त्यामुळे नॉइज जवळजवळ १ डेसिबलनं कमी दिसतो. खरा आरएमएस (शक्तीच्या हिशेबातली सरासरी) मोजणारं काहीतरी हवं. आधी एकच ऑसिलेटर लावायचा, रिसीव्हर त्याच्यावर आणायचा आणि ऑडिओ नुसत्या खरखरीपेक्षा ३ डेसिबलनं वर येईपर्यंत अटेन्युएटर कमी करत जायचं. त्या क्षणी सिग्नल आणि नॉइज बरोबरीत असतात. हाच तळ. मग दोन्ही ऑसिलेटर चालू करून रिसीव्हर ७.०१० वर न्यायचा. तिथे हवेत काहीही नाही, अँटेना तर जोडलेलीच नाही. दोन्ही सिग्नल हळूहळू वाढवायचे. एका पायरीला त्या रिकाम्या जागी बारीक शिट्टी उगवते. ती ऐकताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो: जे कुणी पाठवलेलंच नाही ते आपण ऐकतोय. इथेही ऑडिओ ३ डेसिबलनं वर येईपर्यंत न्यायचं आणि दोन आकड्यांतलं अंतर लिहून घ्यायचं.

माझ्या रिसीव्हरला ही शिट्टी सिग्नल −४३ डीबीएमला पोचले तेव्हा उगवली. −४३ आणि −१३१ यांतलं अंतर ८८ डेसिबल. यावरून थर्ड ऑर्डर इंटरसेप्ट, म्हणजे कागदावर भूत खऱ्या सिग्नलच्या बरोबरीला येतं ती पातळी, काढायचा तर ८८ ची दीडपट तळात मिळवा: +१ डीबीएम. डायोड रिंग मिक्सर (सिग्नलची फ्रीक्वेन्सी बदलणारा भाग), मागे ४.९१५२ मेगाहर्ट्झच्या स्वस्त क्रिस्टल्सचा लॅडर फिल्टर, एवढ्यावर हा आकडा मिळतो याचा मला मनापासून अभिमान आहे.

एक पडताळणी कधीही सोडायची नाही. भूत रिसीव्हरमध्येच जन्मलं कशावरून? कंबायनरमध्ये दोन्ही ऑसिलेटर एकमेकांच्या अंगावर जाऊन तिथेच मिसळले असतील तर? कंबायनर आणि रिसीव्हरच्या मध्ये १० डेसिबलचा पॅड घाला. शिट्टी ३० डेसिबलनं पडली तर ती रिसीव्हरची. १० नंच पडली तर ती आधीपासून तारेत होती, मग प्रत्येक ऑसिलेटरपुढे पॅड वाढवा.

मापं २० किलोहर्ट्झच्या अंतरावर घेतली की रिसीव्हर चांगला दिसतो. गर्दीच्या बँडवर मोठा सिग्नल २ किलोहर्ट्झवरही येऊन बसतो. रॉब शेरवूड यांनी १९७७ साली ड्रेक आर-४सी या नावाजलेल्या रिसीव्हरबद्दल हेच दाखवून दिलं: लांबच्या अंतरावर मापं उत्तम, जवळच्या अंतरावर तोच रिसीव्हर कोसळतो, कारण त्याचा पहिला आयएफ (मिक्सरनंतरच्या मधल्या फ्रीक्वेन्सीचा) फिल्टर ८ किलोहर्ट्झ रुंद होता आणि दोन्ही मोठे सिग्नल त्यातून सुखरूप आत जात होते. अरुंद रूफिंग फिल्टर (आयएफच्या सुरुवातीचा फिल्टर) पुढे बसवायची वाट त्यांनी दाखवली. त्यांची रिसीव्हरांची यादी आजही २ किलोहर्ट्झच्या आकड्यावर लावलेली असते, आणि तेच योग्य आहे.

म्हणून मीही ७.०३० चे दोन क्रिस्टल घेऊन एकाला कॉइल लावून २ किलोहर्ट्झ खाली ओढलं आणि पुन्हा मोजलं. इथे भूत दिसायच्या आधी खरखरच चढायला लागली. हे तिसरं दुखणं, रेसिप्रोकल मिक्सिंग. माझा लोकल ऑसिलेटर (मिक्सरला लहर पुरवणारा) एसआय५३५१ चिपचा. त्याच्या मुख्य लहरीच्या दोन्ही अंगांना फेज नॉइजची झालर आहे, आणि मोठा सिग्नल आला की ती झालर त्याच्यासकट आयएफमध्ये उतरते. एकट्या सिग्नलनं −४५ डीबीएमला ३ डेसिबल खरखर वाढवली, म्हणजे हद्द ८६ डेसिबल. त्यात ५०० हर्ट्झच्या बँडविड्थचे २७ डेसिबल मिळवले की चिपचा फेज नॉइज २ किलोहर्ट्झवर वाहक लहरीच्या खाली ११३ डेसिबल प्रति हर्ट्झ निघतो. मिक्सर कितीही मजबूत करा, जवळच्या अंतरावर हा रिसीव्हर आता ऑसिलेटरनं अडलेला आहे. पुढची सुधारणा कुठे करायची ते मोजल्यामुळे कळलं. अंदाजानं मी मिक्सरच बदलत बसले असते.

आता मघाशी राहिलेलं. ७ मेगाहर्ट्झवर हवेतच इतका नॉइज असतो, की रिसीव्हरचा −१३१ चा तळ उपयोगालाच येत नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ शिफारशीतलं सूत्र वस्तीच्या भागासाठी निसर्गाच्या तळाच्या वर ४९ डेसिबल सांगतं आणि ग्रामीण भागासाठी ४४. म्हणजे ५०० हर्ट्झमध्ये −९८ आणि −१०३ डीबीएम. बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या डायपोल अँटेनावर मला −९६ मिळाले. पलीकडे उद्यमबागेतल्या सीएनसी मशिनांचे ड्राइव्ह, इकडे घराघरांतले एलईडी दिवे. वीज गेली की बँड एकदम मोकळा होतो, आणि त्या वेळी बॅटरीवर रिसीव्हर लावायला मी धावते. नंदगडला परसातल्या झाडांवर २० मीटरचा डायपोल ताणला, तिथे −१०५.

हे आकडे हातात आले की अटेन्युएटरची किंमत कळते. संध्याकाळी सातनंतर ७.२ मेगाहर्ट्झच्या वर परदेशी प्रसारण केंद्रं उसळतात. एस-नऊच्या (सिग्नल मीटरवरची −७३ डीबीएमची खूण) वर ५० डेसिबल, म्हणजे −२३ डीबीएम, असे दोन सिग्नल धरा, ७.२१५ आणि ७.२४० वर. त्यांचं भूत ७.१९० वर, आपल्या हॅम बँडमध्ये. +१ च्या इंटरसेप्टनं त्याची ताकद −७१ डीबीएम निघते, म्हणजे एस-नऊच्याही वर! नवशिक्याला वाटतं, बँडमध्ये कुणीतरी घुसखोरी करतंय. अँटेनापाशी २० डेसिबल टाका. इंटरसेप्ट +२१ वर जातो, भूत अँटेनाच्या हिशेबानं −१११ वर येतं आणि टिळकवाडीच्या −९६ च्या खरखरीखाली गाडलं जातं. रिसीव्हरचा तळही −१११ वर चढतो, पण तो हवेतल्या नॉइजच्या १५ डेसिबल खालीच आहे. ऐकण्यात काही गमावलं नाही.

पुस्तकी डायनॅमिक रेंज अटेन्युएटर लावून बदलत नाही. ८८ ची ८८ च राहते, नुसती वर सरकते. पण माझ्या घरच्या नॉइजपासून मोजलेली वापरण्याजोगी रेंज ६५ डेसिबलवरून ७८ वर जाते. जितके डेसिबल अटेन्युएटर घालू त्याच्या दोन तृतीयांश फायदा, रिसीव्हरचा तळ हवेच्या नॉइजच्या पुरेसा खाली आहे तोवर. नंदगडला २० डेसिबल जरा जास्त होतात, मार्जिन ६ च उरतं आणि बारीक सिग्नल १ डेसिबलनं मागे पडतो. तिथे मी १० वर थांबते. आणि प्रीअ‍ॅम्पचं (पुढे सिग्नल वाढवणाऱ्या भागाचं) बटण ४० मीटरवर दाबणाऱ्याला मी प्रत्येक वेळी हात धरून थांबवते. आज्जीची फणसापर्यंतची तार हेच उलट्या दिशेनं करत होती.

भाच्यानं आरटीएल-एसडीआरची, म्हणजे संगणकाला जोडायच्या रिसीव्हरची, कांडी आणली तेव्हा तो पडद्याकडे बघून म्हणाला, "आत्या, ह्यात तर सगळा बँडच दिसतोय की!" दिसतो खरा, आणि शिकायला त्याच्यासारखं साधन नाही. पण आतला एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८ बिटांचा आहे, कागदावर जास्तीत जास्त ५० डेसिबल. २.४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून ५०० हर्ट्झ गाळून घेतल्यावर आणखी ३७ च्या आसपास मिळतात, तेही एडीसी तुडुंब भरलेला नसेल तर. एडीसीला पट्ट्यातल्या सगळ्या सिग्नलची बेरीज एकाच वेळी पेलावी लागते, आणि ती मावली नाही की तो हळूहळू वाकत नाही, एकदम तुटतो. मग पडदाभर भुतं. शिवाय एडीसीत एकास तीनचा नियम चालत नाही, त्यामुळे तिथे इंटरसेप्टचा आकडा काढण्यात अर्थ नाही. भूत किती सिग्नलला नॉइजच्या वर आलं एवढंच थेट लिहायचं. कांडीच्या पुढे ४० मीटरचा बँडपास फिल्टर बसवून आम्ही पुन्हा पाहिलं. अर्धी भुतं जागच्या जागी गेली, आणि भाच्यानं लगेच कॉइल गुंडाळायला शिकवा म्हणून माझी पाठ धरली.

अटेन्युएटर करणाऱ्यांसाठी: पाय (π) जोडणीत १० डेसिबलला उभे रेझिस्टर १०० ओहमचे आणि आडवा ६८ चा, २० डेसिबलला उभे ६२ चे आणि आडवा २४० चा. दोन्ही प्रकारांत प्रत्यक्ष मिळणारा आकडा साधारण ०.३ डेसिबलनं कमी भरतो, पण ५० ओहमशी जुळणी उत्तम राहते. एका घरात २० च्या वर जाऊ नका, सिग्नल स्विचच्या अंगावरून पळतो. दोन घरांच्या मध्ये तांब्याच्या बोर्डाची भिंत डाग देऊन उभी करा. निपाणी, संकेश्वर, खानापूर, कुठूनही कुणाला आपला ४० मीटरचा रिसीव्हर मोजून बघायचा असेल तर कमेंटमध्ये लिहा. दोन्ही ऑसिलेटरचे डबे आणि कंबायनर मी पिशवीत घालून आणू शकते. रिसीव्हरचा एजीसी बंद करायची सोय तेवढी आधी करून ठेवा.